हातचा

पहाटे ५.१०

गजराच्या आधी मला ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर उठवतात. हंगाम चालू असला की कराडच्या आमच्या घरासमोरून रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या ओढत ते रेठऱ्याकडं जातात, आणि प्रत्येकाच्या टेपवर वेगळं गाणं. मिस्टर रात्रपाळीला. मुलगा सांगलीत, विलिंग्डन कॉलेजात अर्थशास्त्र शिकतोय. म्हणजे भाकऱ्या दोनच: एक डब्यात, एक आत्ता चहाबरोबर. आज गुरुवार. गुरुवारी वीटभट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते, आणि खर्चीच्या दिवशी माझ्या वर्गात हमखास चार जागा रिकाम्या राहतात. त्या भरायच्या तर शाळेच्या आधी भट्टी गाठायला हवी.

सकाळी ६.३०

स्कूटी बांधावर लावून पुढं चालत जायचं. कृष्णेच्या मळईत धुकं असतं, त्यात बगॅसचा धूर मिसळलेला, त्यामुळं भट्टी दिसायच्या आधी नाकाला कळते. वीटकामाचं सगळंच इथं हाताशी आहे: नदीकाठची माती, कारखान्याचं बगॅस, आणि घाटाखालून येणारी माणसं.

ही माणसं कातकरी. पोलादपूरकडच्या वाडीतली, आंबेनळी घाटानं वर आलेली. खैराच्या लाकडापासून कात काढायचे म्हणून कातकरी. जंगलावर सरकारी शिक्का बसला तसा कात गेला, मग कोळसा पाडायला गेले, आता विटा. महाराष्ट्रात तीन जमाती केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित म्हणून वेगळ्या काढल्यात: कोलाम, माडिया गोंड आणि हे. सातारा नि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आदिवासींचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास, त्यामुळं इथल्या कचेऱ्यांत आदिवासी म्हटलं की साहेबांना गडचिरोली आठवते. हंगामात भट्टीवर राहायला येणारी ही कुटुंबं तर त्या शेकडा एकातही नाहीत. मोजणीच्या वहीत ती रायगडची.

त्यात आमची आणखी एक गंमत. माझी शाळा सातारा जिल्ह्यात आणि ओढ्यापलीकडची ही भट्टी सांगलीत, वाळवा तालुक्यात. पहिल्या वर्षी मी चार पोरं नेऊन बसवली, तेव्हा ‘ती आपल्या हद्दीतली नाहीत’ असं मला शांतपणे समजावण्यात आलं. पोरांना हद्द कळत नाही, ओढ्याला फेब्रुवारीत घोट्याएवढंच पाणी असतं.

माणसं रात्री दोनपासून कामाला आहेत. नवरा चिखल मळून आणतो, बायको साच्यात दाबून वीट पाडते. उजाडलं की पोरांचं काम: आदल्या दिवशीची अर्धवट वाळलेली वीट कडेवर उभी करायची, म्हणजे दुसऱ्या अंगाला ऊन लागतं. माझी चौथीतली पोर हेच करतेय. नऊ वर्षांची. दोन्ही हातांनी एकदम दोन विटा उचलते, कोपरात वाकत नाही, कंबरेत वाकते. सहा-सात ओळी उलटून झाल्यावर मान वर करते आणि मला बघून हसते. पण थांबत नाही.

“आज नको बाय,” आई साचा न सोडता म्हणते. “आज खर्ची. आम्ही बाजारला जानार. बारक्याला कोन बघल?”

बारका तीन वर्षांचा. गेल्या गुरुवारी यावरच बोलणं संपलं होतं. आज मी तयारीनं आलेय. “बारक्याला पण पाठव. अंगणवाडी शाळेला लागूनच आहे. तिथं खाऊ मिळतो.”

ती नवऱ्याकडं बघते. नवरा चिखलाकडं बघतो. मग पोरगीच ठरवते आणि हातातल्या विटा ठेवून बारक्याचं तोंड धुवायला घेऊन जाते.

मुकादमानं चहा पुढं केला. तोही कातकरीच, ह्यांच्याच वाडीतला. स्वच्छ शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत लांबट वही. वाडीतून बारा कुटुंबं आणायची, त्यांना पावसाळ्यात उचल वाटायची, हंगामभर मालकाला त्यांचा हिशोब द्यायचा, हे त्याचं काम. सातवी शिकलेला. त्याच्या वयाच्या माणसांत वाडीतला सगळ्यात जास्त शिकलेला तोच.

सकाळी ९.१५

शाळा उघडली. पाण्याची टाकी, चाव्या, आणि मग मोबाईल. बाहेरून आलेल्या पोराचा ऑनलाइन नंबर मूळ शाळेनं सोडल्याशिवाय आमच्याकडं चढत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. गावच्या शाळेनं निघताना द्यायचं, इथल्या शाळेनं त्यावर बसवून घ्यायचं, परतताना पुन्हा भरून द्यायचं. कल्पना उत्तम. माझ्या अकरा पोरांपैकी तिघांकडं ते आहे. बाकीच्यांचे आई-बाप मुकादमाच्या टेम्पोत रात्री बसून आलेत, रात्री कुठली शाळा उघडी असते?

२०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. त्यात कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मी नाकारत नाही. पण नंबर चढला नाही तर त्या पोराचा तांदूळ येत नाही, पुस्तकांचा संच येत नाही. मग मी बाकीच्यांच्यातूनच भागवते. कसं ते इथं लिहीत नाही.

सकाळी १०.३०

परिपाठ, मग हजेरी. एकही जागा रिकामी नाही. बारका बहिणीच्या मांडीवर.

हजेरी म्हटलं की मला दरवेळी जतच्या आजोबांची आठवण होते. आंतरजिल्हा बदलीनं साताऱ्यात यायच्या आधी नऊ वर्षं मी सांगली जिल्हा परिषदेत होते, त्यातली पाच जत तालुक्यात. शाळेजवळ फासेपारध्यांची पालं होती. त्यातल्या एका पोरीचं नाव घालायला तिचे आजोबा आले. मी म्हटलं, “रोज हजेरी लागेल हं.” म्हातारा दचकला. त्याच्या लेखी हजेरी म्हणजे पाटलाच्या चावडीवरची. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पोटासाठी दुसऱ्या गावाला जायचं तर परवानगी, आणि ठरल्या वेळी हजेरी. देशभरातून तो कायदा गेला १९५२ साली. शब्द म्हाताऱ्याच्या अंगात राहिला होता. मी त्याला हजेरीपट उघडून दाखवला, नातीचं नाव लिहिलं, समोर काट मारली. तो बराच वेळ त्या काटेकडं बघत होता.

सकाळी ११.२०

गणित. आज गुणाकाराचा सराव घ्यायचा होता, पण पोरीनंच उदाहरण आणलं.

“बाई, चौऱ्याऐंशी रेघा हायत. मुकादम म्हनला, सहा हजार सातशे वीस. कशी काय?”

समजायला मला दोन मिनिटं लागली. तिचा बाप निरक्षर आहे, पण गणतीला कच्चा नाही. झोपडीच्या पत्र्यावर तो कोळशानं रेघा मारतो: शंभर विटा झाल्या की एक रेघ. दिवसाला चौदा. सहा दिवसांच्या चौऱ्याऐंशी. गेल्या गुरुवारी मुकादमानं वहीत बघून आकडा सांगितला तो सहा हजार सातशे वीस. बापानं मान हलवली. पोरीनं आकडा डोक्यात ठेवला.

फळ्यावर घेतलं. चौऱ्याऐंशी शेकडे किती? आठ हजार चारशे, वर्ग ओरडला. मग मोडतोड आली. भट्टीवर रिवाजच आहे: हजारामागं शंभर विटा फुटीच्या धरून कापायच्या, फुटोत न फुटोत. आठ हजार चारशेला आठशे चाळीस. उरल्या सात हजार पाचशे साठ. मुकादमाचा आकडा त्याहूनही आठशे चाळीसनं कमी.

वर्ग गप्प. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, गावातल्या बागायतदाराचा नातू म्हणाला, “दोनदा कापलंय बाई. काटा मारलाय. आमच्या उसाला पण मारत्यात, आज्जा म्हंतो.”

काटामारी हा शब्द आमच्या भागात पोराला बोबडेपणीच येतो. ऊसवाला बागायतदार आणि वीटवाला कातकरी यांची पोरं एका उदाहरणावर एकत्र आली ती या शब्दानं. हजाराला सातशे रुपये दर. आठशे चाळीस विटांचे किती? हे चौथीला जड आहे, पण त्यांनी काढलं. शंभराला सत्तर, आठशेला पाचशे साठ, चाळीसला अठ्ठावीस. पाचशे अठ्ठ्याऐंशी.

पोरीनं आकडा वहीत मोठा करून लिहिला आणि भोवती चौकट काढली.

दुपारी १.२०

खिचडी. पहिली ते पाचवीला पोरामागं शंभर ग्रॅम तांदूळ. पोर निम्मी खाते, निम्मी बारक्याला भरवते. मी वाढणाऱ्या मावशींना डोळ्यानं खुणावते, त्या न बोलता अजून एक पळी टाकतात.

आदिवासी, भटक्या, अनुसूचित जातींच्या गरीब मुलींनी शाळेत यावं म्हणून राज्यानं १९९२ साली उपस्थिती भत्ता काढला. दिवसाला एक रुपया. वर्षाचे झाले फार तर दोनशे वीस. तिशी उलटली तरी रुपया रुपयाच राहिला. मी कुणाची चेष्टा करत नाही, त्या वेळी कुणीतरी कळकळीनंच हे केलं असणार. पण आज सकाळी त्या पोरीनं तासाभरात किती विटा उभ्या केल्या ते मी पाहिलंय. तिला शाळेत पाठवणं म्हणजे तेवढ्या विटांना आईनं वाकणं. फी माफ, पुस्तकं फुकट, सगळं खरं. हे वाकणं कुठल्या योजनेत धरायचं?

डबा उघडला आणि मिरजेहून फोन. जतची तीच पोरगी, हजेरीवाल्या आजोबांची नात. आता एका दवाखान्यात नर्स आहे. मिरज हे दवाखान्यांचंच गाव. अमेरिकेहून आलेल्या डॉ. वानलेसनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे पेशंट मिरजेच्या गाड्या धरतात. तिची ड्यूटी दोनला सुरू होते, त्याआधी ती मला गुरुवारचा फोन करते.

तिचं एक वर्ष कागदात गेलं. नर्सिंगला नंबर लागला होता, पण जातीच्या वैधतेसाठी अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. पालात राहणाऱ्या माणसाचा १९५० चा पुरावा! सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही. एका कचेरीत तिला ‘आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा’ म्हणून तीनदा परत पाठवलं. शेवटी सापडलं काय, तर जुन्या पोलीस दप्तरात पणजोबांचं नाव, जमातीसकट. ज्या हजेरीनं घराला डाग लावला तिच्याच नोंदीवर पणतीला सर्टिफिकेट मिळालं.

“पगार झाला बाई,” ती सांगत होती. “भावाची उचल फिटली. पूर्ण.”

पहिल्या वर्षाचा तिचा सगळा पगार त्यातच गेला. भाऊ ऊसतोडीच्या टोळीला बांधलेला होता. आता तो मिरजेत रिक्षा चालवायला शिकतोय. घर बांधलं का, सोनं केलं का, असं लोक नोकरदार पोरीला विचारतात. हिनं भाऊ सोडवून आणला.

दुपारी ३.००

परिसर अभ्यास. नकाशात पोलादपूर शोधलं. अर्धा वर्ग पेंगलेला.

दुपारी ४.३०

मुख्याध्यापक सरांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेचं पत्र दाखवलं. विषय शाळाबाह्य मुलं. अशा परिषदेत कुणीतरी ‘बनगरवाडी’चं नाव घेणारच. आमच्याच बाजूची कादंबरी, औंध संस्थानातली, माडगूळकरांनी आटपाडीकडच्या धनगरांवर १९५५ साली लिहिलेली. तरुण मास्तर वाडीवर येतो, शाळा उभी करतो, एवढंच बोलणारे सांगतात. शेवट कुणी सांगत नाही. दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. मास्तर चांगला असला म्हणून माणसं थांबत नाहीत.

ही गोष्ट कुणाला नीट कळली असेल तर कर्मवीर भाऊराव पाटलांना, म्हणजे अण्णांना. काले इथनं जवळ आहे; १९१९ साली रयत शिक्षण संस्था तिथं सुरू झाली, १९२४ ला साताऱ्यात गेली. भाऊराव आधी किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते होते, ओगलेवाडीच्या काचेचेही. गावोगाव नांगर विकत हिंडलेल्या माणसाला शेतकऱ्याच्या घरातला हिशोब पाठ असतो. पोरगं शाळेत गेलं तर गुरांमागं कोण, हा प्रश्न त्यांनी अडाणीपणात काढला नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत आणि आपलं पोट स्वतःच्या कामावर चालवत. शेत, भाजीचा मळा, दगडकाम. कमवा आणि शिका. कष्टातून माणूस घडतो म्हणून या योजनेचं कौतुक होतं, ते होवो. मला तिच्यातला दुसरा अर्थ मोठा वाटतो: गरिबाच्या घरात पोराची मजुरी हीच शाळेची खरी फी आहे, हे त्यांनी मान्य केलं आणि ती फी भरायची सोय केली. बोर्डिंगची चूल विझायची वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. माझे वडील रयतच्याच बोर्डिंगात वाढले. सुट्टीला घरी आले की वांगी कशी लावायची ते आजोबांना शिकवायचे, आणि आजोबा चिडायचे.

सध्याची सरकारी पद्धत उलटी आहे. कातकऱ्याच्या पोराला सवलत आहे, आश्रमशाळा आहे, वसतिगृह आहे, शिष्यवृत्ती आहे. पण प्रत्येक गोष्ट वाडीत थांबणाऱ्या पोरासाठी. सातारा-सांगलीचं आदिवासी प्रकल्प कार्यालय पुणे जिल्ह्यात, घोडेगावला. भट्टीवरून तिथं एका अर्जासाठी जायचं म्हणजे दोन दिवसांच्या विटा.

संध्याकाळी ५.४५

पोरांबरोबर ओढा ओलांडून भट्टीवर. बारका माझ्या कडेवर झोपलेला.

बाजार करून आई-बाप आले होते. खर्ची अडीच हजार. दर गुरुवारी अडीच हजारच, विटा कमी झाल्या काय, जास्त झाल्या काय. बाकीचे पैसे हातात येतच नाहीत. पावसाळ्यात घेतलेल्या साठ हजारांच्या उचलीतून ते वहीत वजा होतात. चोरीला सोपी जागा हीच. हातात येणारा पैसा माणूस मोजतो. वहीत फिटणारं कर्ज कसं मोजणार?

मी बापाला बाजूला घेऊन फळ्यावरचं गणित सांगितलं. त्याचा चेहरा उजळेल असं मला वाटत होतं. तो घाबरला.

“बाय, बोलू नको. तो आमचा मानूस हाय. पुढल्या साली आनला नाय तर?”

खरं होतं. मी संध्याकाळी घरी जाणार, तो इथंच राहणार. मी काही न बोलता निघायचं ठरवलं, पण तोवर पोरीनं मुकादमासमोर वही धरली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं गप्प बस म्हणून. चौकटीतला आकडा दाखवत ती म्हणाली, “मामा, ह्यो बघ, आमचा येतो.”

वाडीतल्या नात्यानं तो तिचा मामा लागतो. त्यानं वही घेतली. वरपासून खालपर्यंत वाचली. हा माणूस आता काय बोलणार म्हणून माझ्या पोटात गोळा. त्यानं बगलेतली लांबट वही उघडली, पान शोधलं, ओठ हलवत हिशोब केला. मग मला म्हणाला, “बाई, मालक माझ्याकडनं मोडतोड कापून घेतो. मी ह्यांच्याकडनं कापतो. मला वाटलं माझा वेगळा, त्याचा वेगळा.”

हे खरं की थाप, मला आजही सांगता येणार नाही. त्यानं या आठवड्याचाही तोच आकडा होता, तो खोडून सात हजार पाचशे साठ केला. “मागचा निघनार नाय,” म्हणाला. “तो मालकाकडं गेला.”

परत निघताना तो बांधापर्यंत माझ्याबरोबर आला. मी म्हटलं, पोरीचा राग धरू नका. तो हसला.

“राग कशाला? मी सातवी झालो म्हनून मुकादम झालो बाई. वाडीत कुनालाच लिवता येत नव्हता. आता समदी पोरा सातवी झाली तर मला कोन विचारंल?”

बांधाच्या टोकाला पोरगी पळत आली. हिशोबाचं पान बापानं फाडून मागून घेतलं होतं, ते रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गेलं. उरलेली वही तिनं माझ्या हातात दिली. गृहपाठ केलाय, तपासा. मी मुकादमाशी बोलत होते तेवढ्या वेळात केलेला.

रात्री ८.१०

मुलाचा फोन. भट्टीवरचं सगळं सांगितलं. तो जोरात. “आई, हे माझ्या पेपरातच आहे. जागतिक बँकेच्या लोकांनी २०१८ साली जगभरचे अभ्यास एकत्र केले. शाळेचं एक वर्ष वाढलं की कमाई सरासरी नऊ टक्क्यांनी वाढते.”

“भट्टीवर नाही वाढत,” मी म्हटलं.

“का?”

“हजाराला सातशे. चौथी झालेल्याला सातशे, न झालेल्याला सातशे. वीट थोडीच विचारते किती शिकलास म्हणून.”

तो थोडा थांबला. मग कॅनडाचं सांगायला लागला. तिथल्या मूळनिवासींच्या आणि इतरांच्या शिक्षणातलं अंतर मिटलं तर देशाचं उत्पन्न किती वाढेल याचे आकडे ऑटावाच्या अर्थतज्ज्ञांनी काढलेत. तसा हिशोब आपल्याकडं कुणीतरी मांडला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्के, आदिवासींची ६६ च्या आत. हे सोळा टक्क्यांचं अंतर म्हणजे किती रुपये?

मांडावा की. माझी ना नाही. पण मी त्याला म्हटलं, त्या हिशोबात मुकादमाला कुठं धरशील? तो शिकला आणि त्याची कमाई वाढली, म्हणजे तुझे नऊ टक्के आले. ते आले कुठून? बारा कुटुंबांच्या विटांतून. एका वाडीत एकच सातवी झाला तर त्याच्या सातवीचा फायदा तो बाकीच्यांकडूनच वसूल करतो. चोर म्हणून नव्हे, लिहिणारा एकटाच आहे म्हणून. आणि मिरजेच्या नर्सचा पगार तुझ्या आकड्यात येईल, पण तिनं सोडवलेला भाऊ येईल का?

“तो दुसऱ्या प्रकरणात येतो,” मुलगा म्हणाला. हसत होता, पण लिहून घेत असावा. पेनाचा आवाज येत होता.

रात्री ९.३५

पोर्टलवर आजची उपस्थिती भरली. रेंज तीनदा गेली.

मग पाठकोऱ्या कागदावर माझा स्वतःचा हिशोब. मार्गशीर्षापासून मृगाच्या आधीपर्यंत हंगामाचे आठवडे धरले चोवीस, पाऊस-आजारपण सोडून. मोडतोड एकदाच कापली तर कुटुंबाची हंगामाची कमाई १,२७,००८ रुपये. खर्चीचे गेले साठ हजार, उचलीचे साठ हजार. हातात उरतात ७,००८. दोनदा कापली तर कमाई १,१२,८९६, आणि तेच कुटुंब उलटं ७,१०४ रुपये देणं लागतं. बाकी अंगावर फिरते. अंगावर फिरलेल्या बाकीला वेठबिगार म्हणत नाहीत, कारण ती १९७६ च्या कायद्यानं बंद झालीय. तिला पुढल्या सालची उचल म्हणतात.

बाकीच्या अकरा कुटुंबांच्या पत्र्यांवर किती रेघा आहेत, ते उद्या पोरांनाच मोजून आणायला सांगायचं. त्यांच्या पोरांतली दोघं दुसरीत आहेत. दुसरीला शंभरापर्यंत मोजता येतं.

वही राहिली होती. गृहपाठाची दोन उदाहरणं बरोबर. त्याखाली, मी न दिलेलं तिसरं. तिनं वर्गातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावरून आठवडे मोजलेले दिसत होते, कारण मांडणी होती ५८८ गुणिले २४. आठ चोक बत्तीस, दोन लिहिले, हातचे तीन. पुढं पुन्हा आठ चोक बत्तीस, आणि हातचे तीन मिळवायला ती विसरली. उत्तर आलं होतं १४,०८२. तीस रुपयांनी कमी.

लाल पेन उचललं होतं, ते ठेवलं. पेन्सिल घेऊन दुसऱ्या आठाच्या डोक्यावर बारीक ३ लिहिला आणि खालचं उत्तर तिच्यासाठी तसंच सोडलं.